सूट, माफी आणि 'मुक्त': टी. नगरमधून इंग्रजीचे वाचन

भाषांतराच्या वह्या तपासताना एक गोष्ट वारंवार दिसते. मूळ इंग्रजी वाक्यात 'एक्झेम्प्ट' असो, 'वेव्ह' असो, 'फ्री' असो की 'इम्यून' असो, विद्यार्थी मराठीत एकच शब्द लिहितात: 'मुक्त'. 'विद्यार्थिनी शुल्कातून मुक्त आहेत', 'संस्था नियमातून मुक्त आहे', 'शेतकरी कर्जातून मुक्त झाले'. वाक्य व्याकरणात बसते, त्यामुळे गुणही फारसे कापले जात नाहीत. पण तीन प्रश्नांची उत्तरे त्यात हरवतात. नियम अजून जागेवर आहे की गेला? सूट कोणी दिली? आणि दिलेली सूट उद्या परत घेता येते का?

इंग्रजी भाषा या तीन प्रश्नांसाठी वेगवेगळे शब्द वापरते. तिचा तो गुण आहे आणि, आपण पुढे पाहू, तिची लबाडीही तिथेच आहे. शब्दकोशातून उदाहरणे गोळा करण्याऐवजी या टिपणात आपण एकाच वस्तीत फिरू. चेन्नईतील टी. नगर, म्हणजे त्यागराय नगर. जस्टिस पक्षाचे नेते सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव दिलेली ही वस्ती १९२०च्या दशकात वसवली गेली. आज ती साड्या आणि दागिन्यांच्या बाजारपेठेसाठी देशभर माहीत आहे. सूट देण्याघेण्याच्या जितक्या तऱ्हा या एका वस्तीत वाचायला मिळतात, तितक्या क्वचितच कुठे मिळत असतील.

माम्बलम स्थानकातून बाहेर पडले की रंगनाथन स्ट्रीट लागते. तमिळ आडी महिना, म्हणजे साधारण मध्य जुलै ते मध्य ऑगस्ट, हा नव्या खरेदीचा महिना मानला जात नाही. त्यामुळे दुकानदार याच काळात मोठी सूट जाहीर करतात. फलकांवर तमिळमध्ये 'आडी तळ्ळुपडि' आणि इंग्रजीत 'डिस्काउंट', 'ऑफर', 'फ्री'. 'तळ्ळु' म्हणजे ढकलणे. किमतीतला काही भाग बाजूला ढकलला, ती तळ्ळुपडि. हाच शब्द तमिळ वर्तमानपत्रात शेतकऱ्यांच्या कर्जमाफीसाठी येतो, आणि न्यायालयाने अर्ज फेटाळला तरी तोच येतो. कर्ज ढकलले तर माणूस सुटतो, अर्ज ढकलला तर माणूस अडकतो. क्रिया एकच, काय ढकलले त्यावर सगळे अवलंबून.

मराठीतला 'सूट' हा शब्दही असाच दोन्हीकडे चालतो. दुकानात वीस टक्के सूट आणि हजेरीच्या अटीतून सूट. इंग्रजीत या दोन वस्तू वेगळ्या आहेत, 'डिस्काउंट' आणि 'एक्झेम्प्शन'. आपल्या भाषेत त्या एका मुळावर वाढल्या आहेत, कारण 'सुटणे' या क्रियापदाला बांधलेपण आधी गृहीत धरावे लागते. जे बांधलेले नव्हते ते सुटणार कसे? म्हणून 'सूट' हा शब्द प्रामाणिक आहे. गाठ होती आणि ती कोणीतरी सोडली, हे तो लपवत नाही.

'फ्री' मात्र ते लपवतो. हा शब्द मुळात नात्याचा. 'फ्रेंड' त्याच कुळातला, आणि संस्कृतातील 'प्रिय' हाही त्याच्याशी दूरचे नाते सांगतो. घरातली प्रिय माणसे आणि घरातले दास असा भेद करताना जी माणसे आपली, ती 'फ्री'. पुढे या शब्दाला दोन वाटा फुटल्या. बंधन नसणे ही एक, पैसे न पडणे ही दुसरी. शब्दयोगी अव्यय पाहिले की वाट कळते. किंमत, शुल्क यांच्याबरोबर 'ऑफ' येतो: फ्री ऑफ चार्ज. भीती, दोष, ताबा यांच्याबरोबर बहुधा 'फ्रॉम': फ्री फ्रॉम कंट्रोल. 'फ्रॉम'मध्ये दुरावा आहे, काहीतरी मागे लागलेले होते आणि त्यापासून आपण लांब आलो. 'ऑफ'मध्ये नुसता अभाव. हा नियम काटेकोर नाही, 'फ्री ऑफ डिसीज' असेही लोक लिहितात, पण कायद्याच्या मसुद्यात हा फरक अजून बऱ्यापैकी पाळला जातो.

जाहिरातवाल्यांनी ही अव्ययेच काढून टाकली. 'टॅक्स-फ्री', 'ड्यूटी-फ्री', 'शुगर-फ्री'. सामासिक शब्द झाला की 'कोणी सोडले' हे विचारायला जागा उरत नाही. शिवाय प्रत्ययासारखा वापरलेला हा 'फ्री' एक छोटा न्यायनिवाडाही करून टाकतो. 'केअरलेस' आणि 'केअरफ्री' शेजारी ठेवून पाहा. दोघांकडेही काळजी नाही. पण पहिला बेफिकीर आणि दुसरा निश्चिंत. 'चाइल्डलेस' म्हटले की उणीव, 'चाइल्डफ्री' म्हटले की सुटका. '-लेस' नसलेल्या वस्तूबद्दल हळहळतो, '-फ्री' नसलेल्या वस्तूला पीडा ठरवतो. मराठीतल्या '-मुक्त'नेही अलीकडे हाच धंदा सुरू केला आहे. 'व्यसनमुक्त', 'हागणदारीमुक्त', 'तणावमुक्त' या रांगेत 'करमुक्त' आणि 'टोलमुक्त' बसवले की कर आणि टोल आपोआप व्यसनांच्या पंगतीत जाऊन बसतात. 'करमाफ' या शब्दात ते होत नाही. कर योग्य की अयोग्य हा वाद वेगळा, पण तो वाद समासाने परस्पर निकालात काढू नये.

दुसरीकडे मराठीची एक सोय इंग्रजीला नाही. बालकांच्या शिक्षणहक्काच्या २००९च्या कायद्याच्या इंग्रजी नावात 'फ्री' आणि 'कम्पल्सरी' हे शब्द एकमेकांना खेटून आहेत. नवख्या वाचकाला क्षणभर वाटते की मोकळीक आणि सक्ती एकाच दमात कशी? मराठीत 'मोफत व सक्तीचे' असे म्हटल्यावर हा गोंधळ होत नाही, कारण आपण पैशाला 'मोफत' आणि बंधनाला 'मुक्त' म्हणतो. मुक्त विद्यापीठ मोफत नसते, हे मराठी विद्यार्थ्याला कोणी समजावून सांगावे लागत नाही. संगणकाच्या क्षेत्रात 'फ्री सॉफ्टवेअर' म्हणजे स्वातंत्र्य की फुकट, हे स्पष्ट करण्यात इंग्रजी लेखकांनी किती पाने खर्च केली आहेत! आपले ते काम दोन शब्दांनी होते.

तमिळनाडूत या 'फ्री'वर राजकारण झाले आहे. तिथे फुकट दिलेल्या वस्तूला 'इलवसम्' असा शब्द आहे. २००६च्या निवडणुकीत रंगीत दूरचित्रवाणी संच देण्याचे आश्वासन दिले गेले. २०११ नंतर लॅपटॉप, मिक्सर, ग्राइंडर आले. या दुसऱ्या वाटपाच्या वेळी सरकारने 'इलवसम्' सोडून 'विलैयिल्ला', म्हणजे 'किंमत नसलेले', हा शब्द पुढे केला. 'इलवसम्'ला खैरातीचा वास होता. 'विलैयिल्ला'मध्ये देणाराही नाही आणि घेणाराही नाही, फक्त किंमत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनी मात्र 'फ्रीबी' हाच शब्द धरून ठेवला. त्या '-बी'मध्ये थोडा तुच्छभाव आहे, जसा आपल्याकडे 'फुकटं' म्हणताना अनुस्वारात येतो. या वाटपाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटले की जाहीरनाम्यातली अशी आश्वासने निवडणूक कायद्यातील भ्रष्ट आचरणाच्या व्याख्येत येत नाहीत. एकाच मिक्सरला तीन शब्द. त्यातला कोणता उचलायचा हे ठरवणारा भाषांतरकार बाजू घेतोच, त्याला ते कळो वा न कळो.

'विलैयिल्ला'चे शब्दशः इंग्रजी करू गेले तर 'प्राइसलेस' होईल, आणि अर्थ उलटाच होईल. मराठीतही तेच. 'विनामूल्य' वेगळे, 'अमूल्य' वेगळे. रचना जवळपास सारखी असूनही एकात किंमत मागत नाहीत आणि दुसऱ्यात ती मोजता येत नाही.

आता बाजाराच्या गजबजाटातून बाजूला होऊन तणिकाचलम् रोडकडे जाऊ. तिथे दक्षिण भारत हिंदी प्रचार सभेचे मुख्यालय आहे. गांधीजींनी १९१८ मध्ये मद्रासमध्ये या कामाची सुरुवात केली आणि १९६४ मध्ये संसदेच्या कायद्याने सभेला राष्ट्रीय महत्त्वाची संस्था म्हणून मान्यता मिळाली. या टिपणाच्या दृष्टीने तिचा पत्ता महत्त्वाचा आहे. कारण केंद्र सरकारच्या कामकाजात हिंदीच्या वापराचे जे नियम १९७६ मध्ये झाले, त्यांच्या पहिल्याच नियमात म्हटले आहे की ते तामिळनाडू वगळून सर्व भारतात लागू होतील. हिंदी प्रचाराची दक्षिणेतील सर्वात मोठी संस्था ज्या राज्यात उभी आहे, नेमके तेच राज्य हिंदीच्या नियमांबाहेर. महाराष्ट्र या नियमांत 'ख' क्षेत्रात मोडतो. आपल्या गावातील केंद्रीय कार्यालयात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत जी हिंदी पाटी दिसते, तिच्यामागे हेच नियम आहेत.

त्या इंग्रजी वाक्याची घडण पाहण्यासारखी आहे. त्यात 'एक्झेम्प्ट' हा शब्द नाही. 'एक्सेप्ट' आहे. उच्चाराने जवळचे असले तरी हे शब्द वेगळे आहेत. लॅटिनमध्ये दोन्हींचा अर्थ 'बाहेर घेणे' असाच. तरी वापरात फार अंतर पडले. 'एक्झेम्प्ट'ला देणारा लागतो, घेणारा लागतो, बहुधा अर्जही लागतो. आधी नियम सर्वांवर पडतो आणि मग एकाला त्यातून उचलले जाते. 'एक्सेप्ट'मध्ये नियम त्या जागेवर पडलेलाच नसतो. तामिळनाडूला सूट 'मिळाली' असे ते वाक्य म्हणत नाही. नियमांची चादर अंथरताना तेवढी जागा सोडली, एवढेच म्हणते. का सोडली, कोणाच्या सांगण्यावरून, किती काळ, काहीच नाही.

आणि या गप्पपणामागे माणसे गेलेली आहेत. १९६३च्या राजभाषा कायद्यात २६ जानेवारी १९६५ नंतरही इंग्रजी वापरात राहू शकेल अशी तरतूद होती. इंग्रजी मसुद्यात त्यासाठी 'मे' हा शब्द होता. मद्रासकडचे टीकाकार म्हणाले, 'मे'चा अर्थ उद्या 'मे नॉट' असाही लावता येईल, 'शॅल' लिहा. इथे 'मे' आणि 'शॅल' यांचा अर्थ एकच आहे, असे पंतप्रधान नेहरूंचे उत्तर होते. मग 'शॅल'च का लिहीत नाही, हा प्रतिप्रश्न तिथेच राहिला. १९६५च्या जानेवारी-फेब्रुवारीत मद्रास राज्यात आंदोलन पेटले, आत्मदहने झाली, गोळीबारात माणसे मेली. १९६७च्या दुरुस्तीने मग मोकळा सोडलेला धागा बांधला. ज्या राज्यांनी हिंदी राजभाषा म्हणून स्वीकारलेली नाही, त्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्याशिवाय, आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केल्याशिवाय, इंग्रजीचा वापर थांबणार नाही अशी अट आली.

कायद्याच्या या दोन तरतुदींची तुलना विद्यार्थ्यांनी जरूर करावी. १९६७ची दुरुस्ती किल्ली राज्यांच्या हातात देते. १९७६च्या नियमातील 'एक्सेप्ट' तशी किल्ली कोणालाच देत नाही. तो नियम केंद्र सरकारने केलेला आहे आणि नियम करणारा तो बदलूही शकतो. वाचायला 'एक्सेप्ट' अधिक ठाम वाटतो, कारण त्यात उपकाराची भाषा नाही. हमी मात्र त्या लांबलचक, कंटाळवाण्या, ठरावांच्या अटीत आहे. इंग्रजी कायद्याची भाषा वाचताना वाक्याच्या रुबाबावर जाऊ नये, ते इथे शिकता येते.

या वाक्याचे मराठी करताना आणखी एक गोष्ट घडते. इंग्रजीत 'सर्व भारत' आधी येतो आणि अपवाद मागून. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पूर्ण नकाशा उभा राहतो आणि मग त्यात एक भोक पडते. मराठीत आपण 'तामिळनाडू वगळून सर्व भारतात' म्हणतो. भोक आधी, नकाशा नंतर. शिवाय 'वगळणे' हे क्रियापद आपल्याकडे तक्रारीचे आहे. 'संघातून वगळले', 'यादीतून नाव वगळले'. ज्यांनी बाहेर राहण्यासाठी आंदोलन केले, त्यांना मराठी वाक्य डावलल्यासारखे दाखवते. माझ्या मते इथे जुना 'खेरीज' बरा. 'तामिळनाडू खेरीज करून'.

'खेरीज' हा काही माझा शोध नाही. पेशवाईतील इनामाच्या सनदांत गाव देताना एक ठरलेला साचा असे. कुलबाब, कुलकानू, हल्लीपट्टी, पेस्तरपट्टी, म्हणजे सगळ्या बाबी, सगळे कानू, आताच्या पट्ट्या आणि पुढे बसतील त्याही पट्ट्या, शिवाय जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण यांसह, 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' गाव इनाम दिला. या साच्यात किती शहाणपण आहे पाहा. आजचा कर माफ आहेच, पण 'पेस्तरपट्टी' म्हटल्याने उद्या नवा कर बसवून मागल्या दाराने वसुली करण्याची वाटही बंद. आणि ज्यांचे हक्क आधीपासून आहेत ते 'खेरीज', म्हणजे इनामदाराला दिलेल्या सुटीने तिसऱ्याचे नुकसान होऊ नये. अशा दानाला 'सर्वमान्य' असे विशेषणही लागे. आज आपण 'सर्वांना पटलेले' या अर्थाने तो शब्द वापरतो, सनदेत मात्र तो सर्व देण्यांतून मोकळे असा होता. १६७६ ते १८५५ या काळात तंजावरला मराठ्यांचे राज्य होते, त्यांच्या मोडी कागदांचे भारे अजून तिथे आहेत, तेव्हा हा शब्दसंग्रह तमिळ मुलखाला परका नव्हता. 'सर्वमान्य'चे तमिळ भावंड 'मानियम्' आज गॅस सिलिंडरच्या अनुदानासाठी वापरले जाते.

इंग्रज आले तेव्हा मुंबई इलाख्यात त्यांनी या इनाम जमिनींना काय नाव दिले? 'एलिएनेटेड'. सरकारपासून दुरावलेली, परक्या हाती गेलेली. १८७९च्या जमीन महसूल संहितेत या शब्दाची व्याख्याच आहे. जमीन तीच, सूटही तीच. सनदेच्या भाषेत ते दान होते, राज्यकर्त्याच्या इंग्रजीत ती गळती झाली. १८५२च्या अकराव्या कायद्याने इनामांची चौकशी सुरू झाली, कागद दाखवा नाहीतर इनाम सोडा असे झाले, आणि त्याचा राग दख्खनेत पुढे बरीच वर्षे धुमसत राहिला. एका विशेषणाने हे सगळे झाले असे मी म्हणत नाही. पण ज्याला आपण आपल्याकडून 'गेलेले' म्हणतो ते परत आणावेसे वाटणे ओघानेच येते.

पुन्हा टी. नगरला येऊ. बझलुल्ला रोडवर राजाजी राहत असत. १९३७ मध्ये मद्रासच्या शाळांत हिंदी सक्तीची करणारे तेच, आणि पुढे हिंदीच्या सक्तीला विरोध करणारेही तेच. १९५२ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी काही महिन्यांतच राज्यातील धान्यावरची नियंत्रणे उठवली, आणि १९५९ मध्ये स्वतंत्र पक्ष काढल्यानंतर 'लायसन्स-परमिट राज' हा शब्दप्रयोग त्यांच्या नावाशी जोडला गेला. त्यांच्या पिढीच्या इंग्रजीत 'डीकंट्रोल' हा शब्द फार होता. 'डी-' लागला की नियमच जातो. 'एक्झेम्प्ट'मध्ये नियम राहतो आणि तू सुटतोस. परवान्यांच्या राज्यावर टीका करणाऱ्याला हा फरक नेमका हवा असतो, कारण नियम तसाच ठेवून एकेकाला सूट देत बसणे हीच तर परवाने देणाऱ्याची ताकद. मराठीत 'नियंत्रण उठवले' आणि 'नियंत्रणातून सूट दिली' हे दोन्ही आपल्याकडे आयते आहे. तरीही सरकारी मराठीत दोहोंसाठी 'नियंत्रणमुक्त' छापले जाते.

सूट देऊन ताबा ठेवण्याचे एक उदाहरण याच परिसरातले आहे. टी. नगरला लागूनच कोडंबाक्कम, तमिळ चित्रपटांचे घर. २००६ मध्ये राज्य सरकारने तमिळ नावाच्या चित्रपटांना करमणूक करातून सूट दिली. इंग्रजी नाव ठेवायला बंदी नव्हती. पण सूट अशी होती की निर्मात्यांनी आपणहून नावे बदलली. त्याच वर्षीच्या 'उनक्कुम् एनक्कुम्' या चित्रपटाच्या नावातले 'समथिंग समथिंग' हे इंग्रजी शब्द गळाले. बंदी घातली असती तर कोणी न्यायालयात गेले असते. सुटीविरुद्ध कोण जाणार? अशा सुटीसाठी तमिळमध्ये 'विलक्कु' हा शब्द आहे. करातून विलक्कु, नीट परीक्षेतून विलक्कु, आणि दारूबंदीलाही 'मदुविलक्कु'च. एका ठिकाणी माणूस नियमापासून बाजूला, दुसऱ्या ठिकाणी दारू माणसापासून बाजूला.

आता मराठी विद्यार्थ्याच्या घरचा शब्द घेऊ, 'माफी'. इंग्रजी 'वेव्ह' या क्रियापदाचा कर्ता हक्कदार असतो. माझा हक्क होता, तो मी जाणूनबुजून सोडला. समोरच्याने काही केले होते का, हा प्रश्न त्यात येत नाही. मराठी 'माफी'त तो येतो, कारण गुन्हाही माफ होतो आणि कर्जही माफ होते. म्हणून शेतकरी संघटनेने 'कर्जमाफी'ला हरकत घेऊन 'कर्जमुक्ती' म्हणा असा आग्रह धरला. गुन्हा केलेला नाही तर माफी कसली? महाराष्ट्र सरकारच्या २०१९च्या योजनेच्या नावात 'कर्जमुक्ती' हाच शब्द आहे. इतका वेळ मी 'मुक्त'वर टीका केली, पण इथे तो शब्द योग्यच आहे, कारण तो विचारपूर्वक निवडलेला आहे. सवयीने लिहिलेला नाही. २००८च्या केंद्रीय योजनेच्या इंग्रजी नावात 'वेव्हर' आणि 'रिलीफ' असे दोन शब्द होते. अल्पभूधारकांना पूर्ण वेव्हर, इतरांना अटीवर पंचवीस टक्के रिलीफ. मराठी मथळ्यांत दोन्ही 'कर्जमाफी' झाले, आणि दुसऱ्या गटातला शेतकरी बँकेत जाऊन उरलेली रक्कम ऐकून चक्रावला असेल तर दोष त्याचा नाही.

शुल्काचेही तसेच. भारतीय इंग्रजीतला 'फ्रीशिप' हा शब्द विद्यार्थ्याला एक दर्जा देतो. जुन्या मराठी शाळांत यालाच 'नादारी' म्हणत. 'नादारी मिळाली' म्हणजे शब्दशः दारिद्र्य मिळाले. वर्गात नादारांची नावे वाचली जात तेव्हा काय वाटत असेल, याची कल्पना करता येते. तो शब्द मागे पडला हे बरे झाले. आज फॉर्मवर 'वेव्हर', 'रीइंबर्समेंट', 'एक्झेम्प्शन' असे तीन शब्द असतात आणि बोलण्यात तिन्ही 'फी माफ'. वेव्हरमध्ये महाविद्यालय मागतच नाही. रीइंबर्समेंटमध्ये शुल्क लागू असते, कोणीतरी ते नंतर भरून देते, आणि मधल्या काळात कोणाच्या खिशातून जायचे हा खरा प्रश्न असतो. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांतील पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शंभर टक्के सवलत आली, ती शिक्षण शुल्काची आणि परीक्षा शुल्काची. 'मुलींना शिक्षण मोफत' या मथळ्यात वसतिगृह, खानावळ, प्रयोगशाळेची अनामत हे सगळे मावल्यासारखे वाटते. शासन निर्णयात ते नाही.

कराच्या बाबतीत हा गोंधळ व्यापाऱ्याला पैशांत मोजावा लागतो. वस्तू व सेवा करात निर्यात 'झीरो-रेटेड' आहे, ताजी भाजी 'एक्झेम्प्ट' आहे. ग्राहकाच्या पावतीवर दोन्हीकडे कर शून्य. पण निर्यातदाराला कच्च्या मालावर भरलेला कर परत मिळू शकतो, एक्झेम्प्ट मालाच्या विक्रेत्याला तो मिळत नाही. पहिल्यावर कर आहे, त्याचा दर शून्य आहे. दुसरा कराच्या बाहेर काढलेला आहे. दोन्हींना 'करमुक्त' म्हणणाऱ्या भाषांतराने हिशेबनीसाचे काम होणार नाही. तिथे 'शून्य दर' आणि 'सूट' असेच लिहावे लागते.

टी. नगरच्या बसस्थानकावर हाच फरक रोज दिसतो. २०२१ पासून तमिळनाडूत साध्या शहर बसमध्ये महिलांना भाडे पडत नाही. बसवर 'कट्टणमिल्ला' लिहिलेले असते, भाडे नसलेला प्रवास. पण वाहक प्रत्येकीला तिकीट देतो, शून्य रुपयांचे. तिची मोजदाद होते आणि तिच्या प्रवासाचे पैसे सरकारकडून परिवहन मंडळाला भरले जातात. इंग्रजी फलकावर याला 'फ्री' म्हणतात. मराठीत आपल्याला निवड करावी लागेल. 'मोफत' म्हटले तर देणारा दिसतो. 'विनामूल्य' म्हटले तर तमिळच्या अगदी जवळ जातो. तिने तिकीट घेतले नाही तर मात्र ती 'विनातिकीट' ठरेल, आणि त्याला दंड आहे.